एकाच घरातले दोन दमे

मित्रांनो, दवाखान्यात एखाद्याच्या तोंडावर मास्क लावलेला असतो, शेजारी एक पेटी घर्र घर्र करत असते आणि मास्कमधून पांढरी वाफ निघत असते, हे तुम्ही पाहिलं असेल. मी तसलाच एक नेब्युलायझर आहे. आता बराच जुना झालो आहे. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे आणि बटणावरची अक्षरं पुसली गेली आहेत. मांडवगण फराटा गावात मला या इंग्रजी नावानं कोणी ओळखत नाही. सगळे म्हणतात, आबांचं वाफेचं मशीन.

माझा जन्म रांजणगावच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात झाला. पोटात मोटर, मोटरला जोडलेला पंप, हवा गाळायला स्पंजाचा तुकडा, एक लांब नळी, औषधाची वाटी आणि मास्क. एवढंच माझं शरीर. पंप हवा जोरात फेकतो, त्या हवेनं वाटीतल्या औषधाचे इतके बारीक थेंब होतात की ते श्वासाबरोबर थेट छातीत उतरतात. माझी जोडणी करणाऱ्या बाईंनी शेवटचा स्क्रू पिळला, मला चालू करून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "बग, कसा झकास चालतोय." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

तिथून मी दौंडला एका औषधाच्या दुकानात आलो. फळीवर बसून दिवसभर रेल्वेचे भोंगे ऐकायचो. एक दिवस सत्यजीत नावाचा तरुण घाईघाईनं आत आला. त्याच्या वडिलांना दम्याचा मोठा त्रास होता आणि डॉक्टरांनी घरी मशीन ठेवायला सांगितलं होतं. त्यानं मला उचललं आणि मी भीमा ओलांडून मांडवगणला गेलो.

सत्यजीतचे वडील म्हणजे सर्जेराव आबा. गावच्या सोसायटीचे अनेक वर्षं चेअरमन राहिलेले. त्यांचा शब्द घरात काय, गावातही सहसा कोणी खाली पडू द्यायचं नाही. पण दमा मात्र त्यांचं ऐकत नव्हता. लहानपणापासून तो त्यांच्या पाठीला लागला होता. कडब्याची गंजी हलवली, बाजरी मळली, जुनी गोधडी झटकली, की आबांची छाती वाजायला लागायची. मग त्यांच्या पत्नी साळूबाई मला कोनाड्यातून काढायच्या, वाटीत औषध ओतायच्या, आणि मी घर्र करून कामाला लागायचो. थोड्या वेळानं आबांचे खांदे खाली यायचे. ते मास्क काढून म्हणायचे, "ह्यो गडी हाय म्हनून मी हाय."

माझी वाफ त्यांना लागू पडत होती. धुळीपासून लांब राहायचं हेही ते शिकले होते. मळणी दुसऱ्यांवर सोपवली आणि त्यांचा त्रास निम्म्यावर आला. आपला दमा आपल्याला पुरता कळला, असं त्यांना वाटायचं. आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

सत्यजीतची बायको नीलम यवतजवळच्या एका फुलं पिकवणाऱ्या घरातून आली होती. सासरी सगळा ऊस. तिनं हळूहळू आबांची समजूत काढली आणि घरामागच्या विहिरीजवळचं रान शेवंतीसाठी मागून घेतलं. पहिल्याच वर्षी पिवळी आणि पांढरी शेवंती अशी फुलली की रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून बघायचे. सत्यजीत पिकअप भरून पुण्याच्या मार्केट यार्डात माल न्यायचा. नीलम रोपं लावायची, शेंडे खुडायची, कोणत्या दिवशी कोणता वाफा तोडायचा ते ठरवायची. आबा पाहुण्यांना सांगायचे, "सूनबाईचं रान बगायचं का?"

मग नीलमला सर्दी झाली. साधी सर्दी, पण ती जाईचना. नाक सतत चोंदलेलं. तिनं लक्ष दिलं नाही. तिशी ओलांडलेली, कामाची बाई. सर्दीसाठी कोण थांबतं?

एका दुपारी, मोठ्या तोडीनंतर, ती ओसरीवर पाठ धरून बसली होती. साळूबाईंना सुनेची दया आली. नीलम सासूला आत्या म्हणायची आणि दोघींचं चांगलं जमायचं.

"लई वाकलीस सकाळपास्नं," साळूबाई म्हणाल्या. "घे, माझी गुडघ्याची गोळी घे. अंग मोकळं हुईल."

नीलमनं गोळी घेतली आणि पाणी प्यायली. काही वेळानं तिचे डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं, चेहरा तापल्यासारखा लाल झाला. ती म्हणाली, "आत्या, छातीवर दगड ठिवल्यासारखं व्हतंय." बघता बघता तिला एकेक श्वास ओढून घ्यावा लागायला लागला.

आबा धावले. त्यांनी स्वतःच्या हातानं मला काढलं, स्वतःचं औषध माझ्या वाटीत ओतलं आणि मास्क सुनेच्या तोंडावर धरला. मी जीव लावून चाललो. बऱ्याच वेळानं तिचा श्वास सुटा झाला.

"दमा हाय ह्यो," आबा म्हणाले. "मला कडब्याच्या धुळीनं व्हतो, हिला फुलांच्या. मी लहानपनापास्नं भोगलाय, मला कुनी शिकवायची गरज न्हाई."

त्या दिवसापासून आबांचे सगळे नियम नीलमला लागू झाले. तोंडाला फडकं बांधायचं, दही खायचं नाही, थंड पाणी प्यायचं नाही, आबा धाप लागल्यावर तोंडात मारतात तोच दम्याचा फवारा घ्यायचा. ती सगळं पाळायची. तरीही दर काही दिवसांनी कोनाड्यातून मला बाहेर काढावं लागायचं. एक गोष्ट विचित्र होती. कधी ती सकाळभर शेवंतीत वाकून फुलं तोडायची आणि तिला काहीही व्हायचं नाही. कधी घरी कणीक मळत असायची आणि छाती भरून यायची. अंग दुखलं, डोकं दुखलं, की साळूबाई मायेनं गोळी द्यायच्या. गोळी आणि धाप यांचा काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. अंगदुखीच्या गोळीचा छातीशी काय संबंध?

गणपती गेले. शेवंतीला कळ्या लगडल्या. दसऱ्याच्या बाजारावर घराचे डोळे लागले होते. आणि एका संध्याकाळी नीलमला असा झटका आला की वाफ दोनदा द्यावी लागली. तेव्हा आबांनी सत्यजीतला समोर बसवलं.

"शेवंती मोडायची."

"आबा, दसरा तोंडावर आलाय. कळ्या धरल्यात."

"दसऱ्याला फुलं पायजेत का घरात सून पायजे? बोल."

सत्यजीतनं मागं वळून बघितलं. दारातून नीलम म्हणाली, "आबा, मी रानात पाऊल ठिवत न्हाई. पन फुलं मोडू नका. मी एकेक रोप हातानं लावलंय."

"तू जानार न्हाईस, पन वारं तर हिकडंच येतंय ना? रान घराला चिकटून हाय." आबांचा आवाज कठोर होता, पण मी त्यांच्या जवळच होतो. बोलता बोलता ते माझा मास्क पुन्हा पुन्हा पुसत होते. श्वास न मिळणं म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? "बिरदेवला सांगितलंय. शुक्रवारी ट्रॅक्टर घेऊन येतोय, रोटाव्हेटर घालून सगळं मातीत गाडनार."

गुरुवार उजाडला. नीलमला खोलीत बसवलं होतं. खिडक्या लावलेल्या, फटींना ओली फडकी. फुलांचा एक कणही आत यायला नको होता. ती रडून रडून डोकं धरून बसली होती.

साळूबाईंना बघवेना. "किती रडशील? डोस्कं फुटंल. घे, एक गोळी घे आन् पड जरा."

तिनं ती घेतली.

त्या दिवशी दुरुस्तीसाठी गावाची लाइट बंद होती. दुपारी नीलमचे डोळे पुन्हा लाल झाले, नाक वाहायला लागलं, आणि मग छाती अशी आवळली गेली की तिला 'आत्या' एवढी हाकही पुरी मारता येईना. साळूबाईंनी आरडाओरडा केला. आबा आले, त्यांनी मला खाली ओढलं, औषध ओतलं, बटण दाबलं. मी गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मित्रांनो, माणसाला ओरडता येतं, धावता येतं. मला विजेशिवाय काहीच करता येत नाही. माझ्या वाटीत औषध होतं, समोर गुदमरणारी नीलम होती, आणि मी निव्वळ एक डबा होतो.

"वायरमनला इचार, लाइट कवा येनार?" आबा ओरडले.

"संध्याकाळपातूर न्हाई म्हनतोय!" सत्यजीतनं फोन खिशात टाकला. "फवारा द्या तिला." पण फवारा आत ओढायलाही श्वास लागतो. आणि श्वासच तिच्याजवळ नव्हता. औषध ओठांवरच राहिलं.

सत्यजीतनं तिला उचलून पिकअपमध्ये बसवलं. साळूबाई शेजारी चढल्या आणि मला मांडीवर घट्ट धरून बसल्या. पुढं चौथ्या माणसाला जागा नव्हती आणि मागं उघड्यावर, रस्त्याच्या धुळीत, आबांना बसवणं शक्य नव्हतं. आबा दारात उभे राहिले. "तुमी व्हा फुडं," ते म्हणाले. "मी आलोच."

आम्ही भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. रस्त्यात खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्याला नीलमची मान हलत होती. तिच्या गळ्याजवळची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. पलीकडच्या चौकात एका पंक्चरच्या दुकानात दिवा लागलेला दिसला. सत्यजीतनं करकचून ब्रेक मारला.

"भाई, प्लग किधर है? बीवी का साँस रुक रहा है!"

दुकानदार उत्तरेकडचा माणूस होता. त्यानं एक शब्द विचारला नाही. टायरमध्ये हवा भरणाऱ्या स्वतःच्या कॉम्प्रेसरची पिन खसकन उपसली आणि म्हणाला, "इधर लगाओ."

मी चालू झालो. वाफ निघाली. मास्क तिच्या तोंडावर धरला होता. पण वाफ मास्कच्या कडेनं बाहेरच जात होती. ती आत ओढतच नव्हती. तिच्या छातीतून येणारी शिट्टी हळूहळू कमी झाली आणि मग थांबली.

"वाजायचं थांबलं!" साळूबाईंनी हात जोडले. "उतार पडला गं बाई. बरं वाटतंय ना?"

मित्रांनो, आबा मला गावात लागेल त्याला द्यायचे, त्यामुळे मी खूप जणांच्या छातीजवळ बसलो आहे. छाती वाजते तोवर हवा कुठून तरी जात-येत असते. ती अशी अचानक गप्प होते, तेव्हा हवा जायचीच थांबलेली असते. मला हे ओरडून सांगायचं होतं. पण मी फक्त घर्र घर्र करू शकत होतो.

सत्यजीतनं मास्क उचलून तिचे ओठ पाहिले. ते निळसर पडले होते. "न्हाई आई," तो म्हणाला. "हे बरं न्हाई. चल, चल लवकर."

दुकानदारानं आपली मोटरसायकल काढली. "मैं आगे चलता हूँ, रास्ता कराता हूँ." तो हॉर्न दाबत पुढं आणि आम्ही त्याच्या मागं. असं आम्ही यवतच्या दवाखान्यात पोचलो. तो माणूस दारातूनच परत गेला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिथं डॉक्टर माया होत्या. त्यांनी नीलमकडे एकदा बघितलं आणि तिला धरून आत नेलं. ऑक्सिजन, इंजेक्शन, सलाईन, त्यांचं स्वतःचं वाफेचं मशीन. मी बाहेर बाकावर साळूबाईंशेजारी पडलो होतो. साळूबाई माझ्या नळीला बोटांनी पीळ घालत होत्या आणि उलगडत होत्या. बंद दाराआडून माझ्यासारख्याच एका मशीनचा आवाज येत होता. बाकी काही नाही. सत्यजीत भिंतीला कपाळ लावून उभा होता.

खूप वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. "श्वास परत आलाय," त्या म्हणाल्या. "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी हे म्हणू शकले नसते. धोका पूर्ण टळलेला नाही, तिला इथंच ठेवावं लागेल."

तेवढ्यात आबा पोचले. कोणाच्या तरी गाडीवर बसून आले होते, फेटाही नव्हता डोक्याला. सून जिवंत आहे हे ऐकून ते बाकावर बसले आणि म्हणाले, "ह्या फुलांनी जीवच घेतला असता. शुक्रवारची वाट बगितली न्हाई मी. बिरदेवला आजच ट्रॅक्टर घाल म्हनलो. सुरू केला आसंल त्यानं."

सत्यजीत गर्रकन वळला. पण डॉक्टर मायांनीच आधी विचारलं, "कोणती फुलं?"

"शेवंती. त्याच्यानंच दमा उठतो तिचा."

"आज ती शेतात गेली होती?"

"छे. दारं-खिडक्या लावून खोलीत ठिवली हुती."

"मग फुलं तिच्यापर्यंत आली कशी?"

डॉक्टरांनी सगळ्यांना आत नेलं. नीलमच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला होता, पण ती शुद्धीवर होती. मीही साळूबाईंच्या काखेत होतोच. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या, जणू त्यांना दुसरं काही कामच नव्हतं.

"मला दम्याबद्दल सांगू नका, तो मी शिकलेय," त्या म्हणाल्या. "मला नीलमच्या दम्याबद्दल सांगा. कधीपासून? लहानपणी होता का?"

नीलमनं मान हलवली. नाही.

"आधी सर्दी झाली, मग हे सुरू झालं?"

हो.

"नाक चोंदलेलं असतं. वास येतो का तुला?"

नीलमनं डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाली, "न्हाई. लई दिवस झालं."

"आगं, पन तू फुलांची पारख करतीस," सत्यजीत म्हणाला.

"रंग बगून करते. सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, बंद कर फुलं."

एवढी फुलं पिकवणारी बाई, आणि तिला त्यांचा वास येत नव्हता, हे तिच्या शेजारी झोपणाऱ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

डॉक्टर पुढं विचारत राहिल्या. धाप लागायच्या आधी काय होतं? डोळे लाल होतात? नाक गळतं? चेहरा लाल होतो? प्रत्येक वेळी? आणि त्याच्या आधी, तास-दोन तासांत, काय खाल्लं, काय प्यायलं, काय घेतलं?

"काय न्हाई हो," साळूबाई म्हणाल्या. "आज तर जेवलीबी न्हाई. डोस्कं दुखत हुतं म्हनून माझी गुडघ्याची गोळी दिली तेवढी."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. "मागच्या वेळी?"

साळूबाई आठवायला लागल्या. "त्या दिशी पाठ धरली हुती. तवाबी दिली व्हती." त्यांचा आवाज खाली गेला. "त्याच्या आदीबी."

"दाखवा मला."

साळूबाईंनी कमरेची पिशवी उघडून गोळ्यांची पट्टी काढली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून वाचली.

"ही गोळी तर मीबी घेतो," आबा म्हणाले. "पाय दुखल्यावर. मला कुठं काय व्हतं? आन् मी तर जुना दमेकरी."

"तुम्हाला होत नाही, आबा, कारण तुमचा दमा वेगळा आहे." डॉक्टर माया सावकाश बोलत होत्या. "नाव एकच, पण आतला आजार सारखा नाही. तुमचा लहानपणापासूनचा, धुळीनं उठणारा. हिचा मोठेपणी आलेला. हिच्या नाकात मी आत्ता बॅटरीनं बघितलं, दोन्ही बाजूंना मांसाचे मऊ कोंब वाढलेत. म्हणून वास जातो. अशा काही लोकांना दुखण्यावरच्या ठरावीक गोळ्या चालत नाहीत. गोळी पोटात गेली की थोड्या वेळात श्वासनळ्या आवळतात. तुम्हाला जे औषध आहे, ते तिला विष आहे. अजून तपासण्या करू, पुण्याला नाकाच्या डॉक्टरांना दाखवू. पण माझी खात्री होत आलीय."

"आन् फुलं?" सत्यजीतनं विचारलं.

"फुलांचंही तपासू. पण आजचा दोष फुलांचा नाही, एवढं मी आत्ताच सांगते."

आबा उठले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बिरदेवला लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात बिरदेवला फोन कसला ऐकू येतोय? सत्यजीतही आपल्या फोनवरून लावत होता. दोघं बाप-लेक खोलीच्या दोन कोपऱ्यांत फोन कानाला लावून उभे होते आणि पलंगावरून नीलम एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

शेवटी आबांचा फोन लागला.

"बिरदेव! थांबव! रोटर वर उचल म्हनतो ना!"

पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आबा, निम्मं झालं की आता!"

आबांनी भिंतीला हात टेकला. "व्हय का," ते म्हणाले. "मग ऱ्हायलंय तेवढं ऱ्हाऊ दे. एका रोपालाबी हात लावू नगंस."

फोन ठेवून ते सुनेकडे वळले. "पोरी, मी माझ्यावरनं धरलं," एवढंच ते म्हणाले.

साळूबाई पदरात तोंड खुपसून "म्या माझ्या हातानं, म्या माझ्या हातानं" एवढंच म्हणत होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मायेनं दिलीत. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पण आता कळलंय, आता मात्र नाही."

पुढं तपासण्या झाल्या. डॉक्टर मायांचा अंदाज खरा निघाला. फुलांचा दोष निघाला नाही. नीलमला रोज ओढायचं वेगळं औषध मिळालं, नाकात मारायचा फवारा मिळाला, आणि कोणत्या गोळ्या आयुष्यभर टाळायच्या, दुखलं तर काय विचारून घ्यायचं, हे नीट समजावलं गेलं. घरी ती गोळी पुन्हा घेऊन बघायचा खेळ चुकूनही करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी आबांनाही सोडलं नाही. त्यांची छाती तपासली आणि फक्त धाप लागल्यावर वाफ घेणं पुरेसं नाही, आतली सूज कमी करायला रोजचं औषध वेगळं लागतं, हे सांगितलं. घरात आता दोन फवारे आले. एकाचं औषध दुसऱ्यानं घ्यायचं नाही, हा नियम आबांनीच घातला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नीलम पहिल्यांदा रानात गेली, ती सकाळ मी खिडकीतून पाहिली. मला मुद्दाम खिडकीत ठेवलं होतं, पिन लावून, औषध तयार ठेवून. सत्यजीत खिशात फवारा घेऊन तिच्या मागं मागं चालत होता. आबा मोटरीचा पाइप बघायला आल्यासारखे बांधावर उभे होते, पण पाइपाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. नीलम वाकली. एक फूल तोडलं, दुसरं तोडलं. ती खोकली, तेव्हा ते दोघंही जागच्या जागी थिजले. पण तो नुसताच खोकला होता. तिनं हातानंच काही नाही अशी खूण केली आणि पुढं सरकली. टोपली भरली. रानाची एक बाजू नुसती काळी माती होती आणि दुसरी बाजू पिवळीधमक. माझं बटण त्या दिवशी दाबावं लागलं नाही.

आता मी बहुतेक कपाटातच असतो. मला त्याचं थोडं वाईटही वाटतं. काम नसलेल्या मशीनला धूळ लागते, नळी कडक होते. पण मी कपाटात आहे याचा अर्थ घरात दोन माणसं नीट श्वास घेत आहेत, हे मला कळतं. कधी शेजारच्या वच्छलाबाई नातवासाठी मला मागायला येतात. पूर्वी आबा मला लगेच उचलून द्यायचे, औषधासकट. आता नीलम आधी विचारते, "डॉक्टरला दावलंय का? औषध त्याचंच हाय ना? आमचं घालू नका." मग ती माझी वाटी गरम पाण्यानं धुते, कोरडी करते, आणि तेव्हाच मला वच्छलाबाईंच्या हाती देते.

एक गोष्ट मात्र बरेच दिवस ठीक झाली नव्हती. साळूबाईंनी त्या दिवशी घरी येऊन सगळ्या गोळ्या उकिरड्यात फेकल्या होत्या. त्यांचे गुडघे सुजले, जिना तर सोडाच, उंबराही चढवेना. पण त्या गोळीला हात लावेनात. सुनेला हातानं पाण्याचा तांब्या द्यायलाही घाबरायच्या.

एक दिवस नीलम यवतहून आली. तिनं डॉक्टर मायांना विचारून सासूसाठी गोळ्या आणल्या होत्या. तिनं एक गोळी हातावर घेतली, पाणी घेतलं, आणि साळूबाईंसमोर बसली.

"आत्या, घ्या."

"न्हाई गं बाई! ती घरात नगं. फेक."

"ही माझ्यासाठी वाईट हाय. तुमच्यासाठी न्हाई. डॉक्टरनी सांगितलंय, जेवल्यावर घ्या, मग काय व्हत न्हाई."

"तुज्या हातात बगवंना मला ती."

"मग तुमच्या हातात घ्या. मी हात धुऊन येते." नीलम हसली. "तुमी चालायला लागल्याशिवाय मला रानात जेवान कोन आननार?"

साळूबाईंनी गोळी घेतली. पाणी पिताना त्या रडत होत्या. नीलम पाठीवरून हात फिरवत तिथंच बसून राहिली.

मित्रांनो, मला डॉक्टरकी येत नाही. मी फक्त वाफ देतो. पण एवढ्या छात्या जवळून ऐकल्यावर तुमच्याकडे एवढंच मागावंसं वाटतं. कोणाचा श्वास अडला, तर घरात वाद घालत बसू नका, त्याला लगेच दवाखान्यात न्या. दुसऱ्याची गोळी आणि दुसऱ्याचा फवारा कितीही मायेनं दिला तरी घेऊ नका, देऊ नका. आणि धोका टळला, की त्या माणसाजवळ बसा. आपल्या आजोबांना काय व्हायचं, शेजाऱ्याला कशानं उतार पडला, हे त्याला सांगू नका. त्यालाच विचारा, तुला नेमकं कधी होतं, कशानं होतं. आणि तो बोलायला लागला, की त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐका. श्वास कमी असलेल्या माणसाला सांगायला थोडा जास्त वेळ लागतो.